पार्श्वसंगीत नसलेला पिक्चर

प्रभात रोडवरून आपण येता-जाता रिक्षा पकडतो, पण हे ‘प्रभात’ म्हणजे काय, हे कधी कोणी विचारलंय? प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म इन्स्टिट्यूट उभं आहे ते त्यांच्याच स्टुडिओच्या जागेवर.

तिथे १९३७ साली व्ही. शांतारामांनी एकच पिक्चर दोन भाषांत काढला. हिंदीत ‘दुनिया न माने’, मराठीत ‘कुंकू’. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. एका पोरक्या मुलीचं फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात, आणि ती सरळ सांगते, हे लग्न मला मान्य नाही. बस्स. रडारड नाही, विहीर नाही.

मी आधी हिंदी पाहिला. (कॉन्व्हेंटवाल्यांना ‘एकोणसाठ’ म्हणजे किती हे अजून बोटांवर मोजावं लागतं, त्यामुळे माफी असावी.) मग रूममेटसोबत मराठी. संगीत केशवराव भोळ्यांचं, पण पिक्चरला पार्श्वसंगीतच नाही! त्या घरात किंवा रस्त्यावर जो आवाज होईल तोच आपल्याला ऐकू येतो. म्हाताऱ्याच्या जुन्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली की अंगावर येते. एरवी व्हायोलिन सांगतं, आता रडा. इथे काय वाटून घ्यायचं ते आपलं आपणच ठरवायचं. आमच्या विंगमध्ये तर एका वेळी पाच रूममधून पाच गाणी वाजत असतात, त्यामुळे ही शांतता सुरुवातीला जडच गेली.

आणि मग शांता आपटे चक्क इंग्रजी गाते. लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’! हिंदी पिक्चरमध्येही तीच, मराठीतही तीच. शाळेत ही कविता आम्ही हात मागे बांधून म्हणायचो, उच्चार चुकला की मार्क कट. ती इतक्या चिडलेल्या बाईच्या तोंडी शोभेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझं इंग्रजी कायम कोणाला तरी दाखवण्यासाठी होतं. हिचं स्वतःसाठी आहे.

रूममेटने तिथेच पॉज केलं. ओरल्स संपले की तिला ‘बघायला’ येणार आहेत. मुलगा चांगला आहे म्हणे, पॅकेजही चांगलं. तिला विचारलंय का, तर ‘विचारायचं काय त्यात?’

“याचा अर्थ सांग गं,” ती म्हणाली. मी सांगायला गेले, तर मराठी शब्दच सापडेनात. ‘स्ट्राइफ’ला काय म्हणायचं? शेवटी मी इंग्रजीत समजावलं आणि तिने मराठीत लिहून घेतलं, जर्नलच्या मागच्या पानावर. एका ओळीवरून आमचं भांडणही झालं. तिचा शब्द जास्त बरोबर होता.

रात्री दीडला उरलेला पिक्चर पाहिला. ओरल्स सोळा तारखेला आहेत. घरी फोन करायचा म्हणतेय ती, त्याच्या आधी.