गुणांची बेरीज

मराठी भाषेने 'गुण' या एका शब्दात दोन अर्थ सुखाने नांदविले आहेत. परीक्षक देतो ते गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. या दोहोंचा मेळ असावा अशी भाषेची भाबडी समजूत असावी. काल्पनिक संघ बांधून खेळावयाच्या क्रिकेटने त्या समजुतीची चांगलीच परीक्षा घेतली.

आमचे मांजरसुंबा म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातील हमरस्त्यांचा चौक. धुळे-सोलापूर महामार्गास पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता येथे भेटतो, आणि चहापुरते थांबलेल्या जगाचे बोलणे आम्हांस गाव न सोडता ऐकावयास मिळते. मध्यंतरी कित्येक वर्षे या बोलण्यात एकच प्रश्न घोळत असे : आज कर्णधार कोणास करावे?

खेळाची रीत सोपी. शंभर क्रेडिटच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडावयाचे. ड्रीम इलेव्हनच्या कोष्टकात बराच काळ धावेस 1, बळीस 25 आणि झेलास 8 गुण असत. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. यातून चतुरांनी आपले नीतिशास्त्र रचले. अष्टपैलू खेळाडू दोन रकान्यांतून कमावतो, म्हणून तो आधी घ्यावा. सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजास चेंडूच थोडे मिळतात, म्हणून तो कितीही गुणी असला तरी वगळावा. सर्वांनी निवडलेला कर्णधार आपणास कोणाच्याही पुढे नेत नाही, म्हणून इतरांच्या नजरेतून सुटलेला शोधावा. सारांश, येथे आवडीस स्थान नाही, हिशेबास आहे.

या खेळाचे मूळ अमेरिकेतील बेसबॉलमध्ये. 1980 साली डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहाचे नाव देऊन असा डाव मांडला. त्यांची गणना मात्र निराळी होती. फलंदाजीची चार व गोलंदाजीची चार अशी आठ सदरे; प्रत्येक सदरात संघांचा स्वतंत्र क्रम लागे. मोठे फटके मारणाऱ्यांची कितीही गर्दी केली, तरी पळून तळ चोरण्याच्या सदरातील उणीव त्याने भरून निघत नसे. जातिवंत गुणांची एकमेकांशी अदलाबदल होत नाही, हे तत्त्व त्या गणनेत होते. आमच्याकडील कोष्टकाने सारे धातू एकाच मुशीत वितळविले.

त्यात काय हरपते, हे आमच्याच जिल्ह्याच्या एका मुलाने दाखविले. 6 फेब्रुवारी 2024 रोजी बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. दक्षिण आफ्रिकेच्या 244 धावांचा पाठलाग करताना भारताचे 32 धावांत 4 गडी बाद झाले, आणि बीडचा सचिन धस सहाव्या क्रमांकावर खेळावयास आला. त्याने 96 धावा केल्या. उदय सहारनसह 171 धावांची भागी रचली. सामना दोन गडी राखून जिंकला. कोष्टकास विचाराल तर 96 म्हणजे हुकलेले शतक, शतकाचे अधिक गुण नाहीत. 32 वर 4 या आकड्यांतील भयास तेथे रकानाच नाही. निवांत मैदानावरील धाव आणि बुडत्या नावेतील धाव, दोहोंचा भाव एकच!

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे असे डाव बंद झाले. तरुणांचा पैसा वाचला, हे बरेच झाले. तथापि कायदा पैसा थांबवितो, नजर बदलीत नाही. खेळाडूकडे पाहताना त्याचे रकाने मोजण्याची सवय ज्यास जडली, तो उद्या शिक्षकाकडे, शेतकऱ्याकडे, आपल्या मुलाकडेही तसाच पाहील. कोष्टके असावीत; त्यांवाचून निवाडा होत नाही. परंतु ती वाचून झाल्यावर सामनाही पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे.