हिरण्यकेशीकाठची डिझेल अॅम्बेसेडर

बेळगावहून निपाणीकडे निघाले की काकती मागे पडते, वंटमुरीचा घाट सरतो, हत्तरगी येते आणि संकेश्वरला महामार्ग सोडून आपण डावीकडे वळतो. तिथून गडहिंग्लज जेमतेम पंधरा किलोमीटर. मध्ये राज्य बदलते, पण ते कळते केवळ पाट्यांवरून. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. मिरची संकेश्वरी, पण तिचा बाजार गडहिंग्लजलाही तेवढाच मोठा. आंबोलीला उगम पावलेली हिरण्यकेशी या दोन्ही गावांच्या कडेने वाहत येते. माणसांचे, सोयरिकींचेही तसेच आहे. बदलतो तो गाड्यांचा नंबर, आणि गाडी घेणाऱ्याला तेवढा बदल पुरेसा असतो.

या रस्त्याने मी गेल्या हिवाळ्यात तीन वेळा गेलो, जुनी डिझेल अॅम्बेसेडर घेण्यासाठी. बरोबर माझे मामा. त्यांचे सारे आयुष्य ड्रायव्हिंगमध्ये गेले. त्यातली बरीच वर्षे बेळगाव-कोल्हापूर टॅक्सीवर, डिझेल अॅम्बेसेडरच्या चाकावर. आमच्या घरातली लग्ने, सौंदत्तीची यात्रा, जोतिबाची खेटे याच गाडीतून झाली. पुढे तिघे, मागे पाच आणि कुणाच्या तरी मांडीवर मी. बायकोचा मात्र विरोध होता. तिचे माहेर गोकाकचे, त्यामुळे राग आला की ती कन्नडवर येते. "हळे गाडी तगोंडु एन माडतीरी?" हा तिचा सवाल रास्तच होता. मुलगा बारावीला, पुढच्या वर्षी कॉलेजची फी. शेवटी ठरले की गाडी, कागद आणि दुरुस्ती धरून एक लाखाच्या वर एक रुपया जायचा नाही. गेला तर विचार सोडायचा.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९८० च्या सुमारास तिच्यात १४८९ सीसीचे डिझेल इंजिन आले. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या लहानशा मोटारीहूनही कमी. घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. पण डिझेल स्वस्त होते आणि इंजिन कोणत्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येत होते, म्हणून टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले.

पहिली गाडी पाहिली निपाणीत. नंबर आपल्याच राज्याचा, रंग नवाकोरा पांढरा. मालकाने किल्ली फिरवताच इंजिन लागले. आवाज घोटीव, धूर नाममात्र. मला तिथेच हो म्हणावेसे वाटले. मामांनी मात्र आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला होता. ते गरम होते. आम्ही यायच्या आधीच गाडी तापवून ठेवलेली. "गार इंजिनच खरं बोलतं," ते माझ्या कानात म्हणाले. तरीही इंजिन त्यांना आवडले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग त्यांनी आरसी मागितली. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल! इंजिनाचा नंबरही जुळेना. त्या काळी पेट्रोलच्या गाडीत मागाहून डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत होती. त्यात गैर काही नाही, पण तो बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीने होऊन आरसीवर चढलेला हवा. तसे नसेल तर विमा, फिटनेस आणि हस्तांतर तिन्ही ठिकाणी गाडी अडते. मालक म्हणाले, "एजंटाकडून करून देतो की, आधी व्यवहार करूया." मामांनी आरसी घडी घालून परत दिली आणि चहाही न घेता निघाले. नंतर गाडीत बराच वेळ गप्प होते. तसे इंजिन त्यांना पुन्हा मिळणार नव्हते, हे मलाही कळत होते.

त्यांचा क्रम ठरलेला आहे: पहिला कागद, दुसरा पत्रा, तिसरे इंजिन. आपण सगळे नेमके उलटे करतो, कारण इंजिन आवाज करते आणि कागद गप्प असतो. इंजिनाला नवे पिस्टन-रिंग घालता येतात. सडलेल्या पत्र्याला आणि चुकलेल्या कागदाला असे औषध सहजी मिळत नाही.

दुसरी गाडी गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका खेड्यात. मालक निवृत्त गुरुजी. मुलगे पुण्याला, गाडी गोठ्याशेजारच्या छपरात. आम्ही सकाळी आठला पोहोचलो. बॉनेट दगडासारखे गार. मामा खूश झाले. एमएच ०९ नंबर, १९९० ची नोंदणी, आरसीवर डिझेल, चेसिस आणि इंजिनाचे नंबर अक्षरन् अक्षर जुळणारे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरण गुरुजींनी कधीही चुकवले नव्हते. सध्याची मुदत २०३० पर्यंत.

मग पत्रा. मामांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी. डाव्या दाराखाली वीतभर जागी ते घसरले. पायाखालची मॅटिंग उचलली, डिकीतले जादा चाक काढून त्याखालचा खळगा पाहिला, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकला. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पेट्या हाच तिचा कणा, म्हणून तिथला गंज नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. तळ टणटणीत होता. पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली हलवले तर थोडा खुळखुळाट. मागचे पाटे बसलेले, गाडी शेपटीकडे कललेली.

शेवटी इंजिन. हीटर देऊन वीस-पंचवीस सेकंद थांबले, मग स्टार्टर. तिसऱ्या खेपेला ते लागले आणि छपरात पांढरा धूर कोंडला. मी घाबरलो, मामा नाही. गार डिझेलचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत निवळला तर चिंता नसते. निळा दिसला तर ऑइल जळते आहे, काळा राहिला तर पंप-नोझल बघायचे. धूर निवळला, पण रेस दिली की थोडा काळा येत राहिला. नंतर त्यांनी चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढून वर तळहात धरला. आतून जोराची वाफ फेकली जात असेल तर रिंगा गेल्या असे समजावे. मला तळहात धरायला लावला. नुसती ऊब लागत होती.

आजऱ्याच्या रस्त्याला चक्कर मारली. हातगिअर कुठे निसटला नाही. ब्रेक दाबताच गाडी किंचित उजवीकडे ओढत होती.

गुरुजींनी पंचाण्णव हजार सांगितले. मामा माझ्याकडे वळून हळूच कन्नडमध्ये म्हणाले, "रोक्क भाळ केळाकत्तार." त्याबरोबर स्वयंपाकघरातून आवाज आला, "भाळ इल्लरी, नम्म गाडी छलो ऐतरी!" गुरुजींच्या मंडळींचे माहेर हुक्केरीचे निघाले. मामांची अशी फजिती मी पहिल्यांदाच पाहिली. त्यानंतरची सगळी बोलणी पोहे खात, दोन्ही भाषांत, उघड उघड झाली.

भंगारवाला येऊन गेला होता. वजनावर तीस हजार देतो म्हणाला. गुरुजींनी त्याला परत पाठवले, पण मुलांचे म्हणणे तेच होते. "चालवणार असाल तर कमी करतो," ते म्हणाले. मामांनी पाटे, नोझल, ब्रेक आणि कर यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. अडुसष्ट हजाराला ठरले.

खरे काम इथून पुढे. राज्य बदलते म्हणजे आधी गुरुजींच्या बाजूच्या कार्यालयातून अर्ज २८ वर ना हरकत दाखला, मग हस्तांतराचे अर्ज २९ आणि ३०, मग आपल्याकडे नव्या नंबरासाठी अर्ज २७. तिकडे भरलेला कर इकडे धरत नाहीत, इकडचा वेगळा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर गाडी बारा महिन्यांपर्यंतच ठेवता येते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि नंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली, हेही घेणाऱ्याने हिशेबात धरावे. दिल्ली परिसरातली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांची बंदी आपल्या भागाला लागू नाही. पण धूर तपासणी आहे, आणि ती असावीच. काळा धूर सोडत शाळेसमोरून जाण्याचा हक्क कुणाच्याही आठवणींना नाही. म्हणून नोझल पहिल्यांदा.

दाखला हातात आल्यावर तिसऱ्या खेपेला आम्ही गाडी आणली. गुरुजींनी काच पुसली, त्यांच्या मंडळींनी बॉनेटवर हळद-कुंकू लावले आणि मिरचीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. संकेश्वरपर्यंत मी चालवली. वंटमुरीच्या घाटाआधी मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः चाकावर बसले. उसाच्या ट्रॉल्यांमागून, दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही आवाज न चढवता ते घाट चढले. उष्णतेचा काटा अर्ध्यावरून हलला नाही.

बेळगावचा नंबर अजून यायचा आहे. कर भरून झाला, नोझल झाले. हिशेब सध्या एक्याण्णव हजारांवर आहे. उरलेल्या नऊ हजारांत पाटे बसतात का, याची चौकशी चालू आहे. बायकोने आता एकच विचारले आहे, गोकाकला आईला आणायला ही गाडी कधी न्यायची. किल्ली मामांच्या खिशात आहे.