कळसूबाईची थंडी आणि पाठीवरची सॅक

गेल्या डिसेंबरात वस्तीतील दहा मुलांना घेऊन आम्ही कळसूबाईला मुक्कामी गेलो. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. घोटीहून बारी गाव गाठले आणि दुपारी चढायला लागलो.

एका मुलाच्या पाठीला शाळेचेच दप्तर होते. ब्लँकेट त्यात मावेना, म्हणून बाहेरून सुतळीने बांधलेले. लोखंडी शिडीवर ते एका बाजूला कलले आणि मुलाचा तोल जाता जाता राहिला. रात्रीपर्यंत दवाने ब्लँकेट ओले झाले. आम्ही त्याला आमच्या पांघरुणात घेतले. चूक त्याची नव्हती. निघण्यापूर्वी सामान आम्हीच तपासले नव्हते.

थंडीचे कपडे हलके असले तरी जागा फार खातात. म्हणून एक-दोन रात्रींसाठी ५० ते ६० लिटरची सॅक असावी. रंगापेक्षा कमरपट्टा पाहावा. ओझे कमरेने पेलले, तरच खांदे वाचतात. दुकानातच वजन भरून, पाठीला लावून चार पावले चालावे. भरताना पांघरूण प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळाला, जड वस्तू पाठीलगत, स्वेटर व बॅटरी वर ठेवावी. चेनला दोरी बांधावी, गारठलेल्या बोटांनाही ती ओढता येते.

प्रत्येक घराने सॅक विकत घ्यावी असे नाही. यंदा आम्ही चार घरांनी वर्गणी काढून दोन घेतल्या, आळीपाळीने वापरणार आहोत. आपल्या मुलांनी डोंगर जरूर पाहावेत. पालकांनी आदल्या रात्री त्यांचे सामान एकदा उचलून पाहावे, एवढेच सांगणे.