थाप

आमचं गाव पिंपळगाव राजा. सैलानीबाबांचं ते पिंपळगाव सराई, द्राक्षांचं ते पिंपळगाव बसवंत. आमचं खामगाव तालुक्यातलं, घाटाखालचं. परगावी नाव सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे जिथं भुतं उतरवतात ते?" मग मी चिडून सांगायचो, ते आमचं गाव नव्हे, आणि भुतं तिथंही नसतात, कुठंच नसतात.

चिडणं हा माझ्या नोकरीचाच भाग झाला होता. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवायचा, वर मंतरलेलं म्हणून पाणी शिंपडायचं, नारळ पेटला की पोरांच्या तोंडाकडे बघायचं आणि मग गुपित फोडायचं. पेटता कापूर जिभेवर ठेवायचा. गॅदरिंगला हे झालं नाही तर पालक विचारायला यायचे. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर चमचा घेऊन बसलो आणि दगडी पाट्यालाही दूध पाजून दाखवलं. द्रवाचा पृष्ठताण, बाकी काही नाही. त्या दिवशी माझा रुबाब काही औरच होता.

पुढची गोष्ट घडली ती याच रुबाबात, त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

नवरात्रातली अष्टमी होती. आत्याला लोणारला कमळजादेवीच्या दर्शनाला जायचं होतं. मला सुट्टी होती, म्हणून तिला घेऊन निघालो. खामगाव, मेहकर, लोणार असा एसटीचा प्रवास. खामगावच्या स्टँडवर मी दोन कचोऱ्या खाल्ल्या. देवीचं देऊळ लोणारच्या विवरात, तळ्याकाठी. विवराच्या काठावरून खाली उतरलो. खड्डा जवळजवळ दोन किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, आणि तळाला ते खारं पाणी. काठाच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. देवीचं दर्शन झालं. ऊन डोक्यावर आलं असताना तेवढंच वर चढलो. आत्या तेव्हा पंचावन्नची, पण मध्ये कुठं बसली नाही. मग गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात गेलो.

दैत्यसूदन ज्यांनी पाहिलंय त्यांना तो बदल ठाऊक आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, भिंतीभर कोरलेल्या मूर्ती. आत पाऊल टाकलं की एकदम काळोख, गार दगड आणि वटवाघळांचा वास. लवणासुराला पायाखाली घेऊन उभा असलेला विष्णू दिव्याच्या उजेडातच काय तो दिसतो. आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेली, भिंतीला हात टेकला आणि तिथंच थांबली.

"बापू, काहीतरी होऊन राह्यलं रे मले. हातापायाले मुंग्या आल्या. कानात घूं घूं करून राह्यलं." थोड्या वेळानं म्हणाली, "देव जागा हाये इथं."

आजूबाजूला दहाबारा माणसं होती. दोघी बायांनी लगेच हात जोडले. मला ते सहन होईना. माझ्या खिशात शाळेचं होकायंत्र होतं. लोणारला जाताना ते मी मुद्दाम घेत असे, कारण तिथल्या दगडात चुंबकशक्ती आहे असं सगळे सांगतात. मी ते भिंतीला लावलं. सुई थोडी हलली. मी मोठ्या आवाजात सांगितलं, की हा बसाल्ट आहे, यात मॅग्नेटाइट असतं, सुई हलवायला एवढं पुरतं, पण माणसाच्या अंगाला ते कळत नाही. आणि शेवटी म्हणालो, "मुंग्याबिंग्या सगळी थाप."

आत्या काही बोलली नाही. परतीच्या गाडीतही बोलली नाही. मला वाटलं, पटलं असावं.

हा प्रसंग मी पुढं भाषणांमध्ये वापरला. 'एक बाई' असं म्हणून सांगायचो. त्याला जोडून तुतानखामेनचा किस्सा. हॉवर्ड कार्टरनं नोव्हेंबर १९२२मध्ये थडगं शोधलं, खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३मध्ये गेले, आणि जगभर शापाची आवई उठली. वास्तविक डास चावला, दाढी करताना ती जागा कापली, तिथून विष रक्तात भिनलं. थडगं उघडणारा कार्टर स्वतः १९३९पर्यंत जगला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००२ साली एकानं रीतसर हिशेब मांडला: कार्टरनं नोंदवलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी थडगं वा ममी उघडताना हजर असलेले २५ आणि हजर नसलेले बाकीचे, यांच्या आयुष्यात दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. टाळ्या पडायच्या. या हिशेबात आजही चूक नाही. चूक होती ती 'एक बाई'च्या गोष्टीत.

निवृत्तीनंतर, २०२०च्या जानेवारीत, टूरबरोबर इजिप्तला गेलो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं; आमच्यातल्या निम्म्यांनी काढलं. बसमध्ये गाइडनं नेहमीचा मसाला पेरला होता. नेपोलियन एक रात्र आत राहिला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला, याला तर काडीचा पुरावा नाही. पॉल ब्रंटन या इंग्रज लेखकानं मात्र तिथं रात्र काढल्याचं स्वतःच लिहिलंय. तोच ब्रंटन, जो त्याआधी हिंदुस्थानात येऊन रमण महर्षींना आणि नगरकडे मेहेरबाबांना भेटून गेला. मी मागच्या सीटवरून हसत होतो.

चढाचा बोगदा जेमतेम सव्वा मीटर उंच. कमरेत वाकून, चाळीसेक मीटर वर सरकायचं. पुढं माणूस, मागं माणूस, वरून उतरणारे अंगाला घासून जातात. मग तो उंच दगडी जिना, पुन्हा एक वाकायची जागा, आणि एकदम राजाची खोली. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद. खाली, वर, चारी बाजूंना ग्रॅनाइट. आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून नाईल नदीतून आणलेला. एका टोकाला झाकण नसलेली दगडी पेटी. बस्स. चित्र नाही, अक्षर नाही. पंचवीसेक माणसं आणि त्यांच्या श्वासांचा उकाडा. कोपऱ्यात तीनचार परदेशी बाया भिंतीला टेकून डोळे मिटून 'हूं' करत होत्या आणि तो आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं, सगळ्या खोलीचाच वाटत होता.

मी पेटीच्या कडेवर हात ठेवला. बोटांच्या टोकांतून मुंग्या निघाल्या आणि कोपरापर्यंत चढल्या. छातीवर कुणी पायली ठेवावी तसं झालं. कानात घूं. आणि मग, हे लिहिताना अजून लाज वाटते, डोळे भरून आले. कशासाठी, काही सांगता येत नाही. हात आपोआप जोडले गेले होते. शेजारच्या अकोल्याच्या बाईंनी विचारलं, "सर, तुम्हाला काही जाणवलं का?"

"छे," मी म्हणालो. "उकाडा फार आहे."

ही मात्र थाप होती. लोणारला जिला मी थापाडी ठरवलं तिनं जे झालं ते सांगितलं होतं. मला झालं तेव्हा मी दडवलं.

परत आलो आणि दोन महिन्यांत कोरोनामुळं सगळं बंद झालं. घरी बसून कारणं शोधली. वाकून चढताना भराभरा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना मुंग्या येतात. हे तर मीच शिकवलेलं. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे पंचवीस माणसं ही अडीच हजार वॉटची शेगडी, तीही बंद दगडी खोलीत. पण एवढ्यानं समाधान होईना. रडू कसं आलं?

तेव्हा मला अवश्राव्य ध्वनी सापडला, आणि मी हरखलो. २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न कळणारा. कॉव्हेंट्रीचा इंजिनिअर विक टँडी याला प्रयोगशाळेत घाम फुटला, नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. नवीन बसवलेल्या पंख्यामुळं तिथं १९ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी घुमत होता, असं त्यानं १९९८मध्ये छापलं. मी वही काढली. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, राजाच्या खोलीच्या लांबीची दुप्पट २१ मीटर, भागाकार १६ हर्ट्झ. सुटलं गणित! चार जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून ऐकवलं. एकानं नम्रपणे विचारलं, "सर, पण तिथं तो आवाज कुणी मोजलाय का?"

पुढं लंडनमधला एक प्रयोग वाचनात आला, २००९ साली छापलेला. मुद्दाम तयार केलेल्या रिकाम्या खोलीत ७९ जणांना एकेक करून सोडलं. काहींच्या वेळी अवश्राव्य ध्वनी चालू, काहींच्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्र, काहींच्या वेळी काहीच नाही. इथं काही विचित्र जाणवू शकेल, एवढं मात्र सगळ्यांना आधी सांगितलेलं. बहुतेकांना काही ना काही जाणवलं. पण यंत्र चालू की बंद, याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. म्हणजे माझा १६ हर्ट्झ हा माझा ताईत होता. देव म्हणायचं नव्हतं म्हणून मी हर्ट्झ म्हणत होतो.

ते ७९ जण खोटं बोलले, असं प्रयोग करणाऱ्यांनी कुठंही म्हटलं नाही. नुसत्या अपेक्षेनंही माणसाला खरोखर जाणवतं. तेव्हा मला लोणारचा तो उंबरा आठवला.

जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. टीव्हीवर, पेपरात तेच. आत्याचा फोन आला, "बापू, देवी कोपली म्हणते लोक." तोंडावर उत्तर तयार होतं. पाऊस लांबला, पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. पुढं पुण्याच्या आघारकर संस्थेनंही तसंच सांगितलं. पण त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. म्हणालो, "आत्या, त्या वर्षी तुला दैत्यसूदनात नेमकं काय झालं होतं?"

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला.

"आता इचारून राह्यला?"

मग तिनं सगळं सांगितलं. उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढं काळं काळं झालं. पायांत गोळे आले होते. भिंत एकदम गार लागली. तिच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं, की त्या गाभाऱ्यात अंगावर काटा येतो, आणि तसा तो आला. आणि आई आठवली. हे आत्यानं मला तेव्हा सांगितलं असतं. मी होकायंत्र काढलं नसतं तर.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे." मी माझी पिरॅमिडातली गोष्टही सांगितली, रडण्यासकट. ती ऐकून तिला फार आनंद झाला, जरा जास्तच. "पाय, तुयावाला देव त्या मुलखात निघाला." देव होता की नव्हता, यावर आमचं आजही जुळलेलं नाही आणि जुळणारही नाही, मी अजून नारळ पेटवून दाखवतो. फक्त 'एक बाई'ची गोष्ट भाषणातून काढून टाकली आहे.

फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक सांगितलं. त्या अष्टमीला तिचा निरंकार उपास होता. मी स्टँडवर कचोऱ्या खात होतो तेव्हा तिच्या पोटात आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नव्हता, आणि हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.