नोशिमाचा जलदुर्ग

जलदुर्ग म्हटला कीं आम्हां कोंकणवासीयांच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें वाचकांस सांगावयास नको. काळा तट, त्यावर फुटणाऱ्या लाटा, बुरुजांतून डोकावणारीं तोफांचीं तोंडें आणि आंत गोड्या पाण्याची विहीर. आम्हीं पस्तीस वर्षें किनाऱ्यावरील एका गांवच्या शाळेंत संस्कृत आणि इतिहास हे विषय शिकविले. दरवर्षीं मुलांस घेऊन सिंधुदुर्गास जात असूं आणि दरवर्षीं तेंच व्याख्यान देत असूं: इ. स. १६६४ मध्यें कुरटे बेटावर पायाभरणी झाली. पायाचे दगड शिसें ओतून बसविले. तटाचा घेर सुमारें तीन किलोमीटर. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. किल्ला म्हणजे तट, ही आमची व्याख्या इतकी पक्की झाली होती कीं, गेल्या चैत्रांत जपानांतील नोशिमा पाहून आमची जी फजिती झाली, ती येथें प्रांजळपणें नमूद करणें आम्हांस प्राप्त आहे.

आमचे चिरंजीव कोबे शहरीं नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां दोन महिने तिकडे राहिलों. हिमेजीचा पांढरा शुभ्र किल्ला पाहून परततांना आम्हीं सहज म्हटलें, "सारा देश बेटांचा, मग ह्यांचे जलदुर्ग कोठें गेले?" चिरंजीव म्हणाले, "आहेत, बाबा. पण तुम्हांला आवडतील असें वाटत नाहीं." असें उत्तर ऐकून कोणता शिक्षक स्वस्थ बसेल?

होन्शू, शिकोकू आणि क्यूशू ह्या तीन मोठ्या बेटांच्या मध्यें जो समुद्र कोंडला गेला आहे, त्यास सेतो नाइकाइ म्हणजे सेतोचा अंतर्समुद्र असें म्हणतात. त्यांत लहानमोठीं शेंकडों बेटें आहेत. ओनोमिची गांवापासून इमाबारी शहरापर्यंत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी घेत जाणारी सुमारें साठ किलोमीटरांची पुलांची वाट १९९९ सालीं पुरी झाली. तिनेंच आम्ही मोटारीनें निघालों. सौभाग्यवतींनीं दशम्या आणि लिंबाचें लोणचें बरोबर घेतलें होतें, कारण त्या देशांत भाजीच्या कढणांतही माशाचा अर्क असतो आणि तो नाहीं अशी खात्री वाढणाऱ्यालाही देतां येत नाहीं. असो. ओशिमा बेटावरील मियाकुबो ह्या कोळ्यांच्या गांवीं दहाच्या सुमारास पोहोंचलों.

किनाऱ्यावर उभें राहून चिरंजिवांनीं बोट केलें. समोर हाकाताजिमा नांवाचें बेट, मधल्या सामुद्रधुनींत एक झाडीनें भरलेला उंचवटा, आणि त्याच्या कुशीला त्याहून लहान असा दुसरा. पहिला नोशिमा, दुसरा ताइझाकिजिमा. दोन्ही मिळून किल्ला. नोशिमाचा परीघ पुरता एक किलोमीटरही भरत नाहीं. तट नाहीं, बुरूज नाहीं, दरवाजा नाहीं. वर चेरीचीं झाडें फुललेलीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा किल्ला कीं कोणाची बाग?" आम्ही निरुत्तर झालों.

उत्तर मिळालें तें होडींत बसल्यावर. येथें प्रवाह दाखविण्यासाठींच प्रवाशांस होडीनें फिरवून आणतात. बंदरांतलें पाणी तळ्यासारखें स्वस्थ होतें. नोशिमाजवळ जातांच तें एकाएकीं उसळूं लागलें. कोठें पाण्याला पायरी पडलेली, कोठें भोंवरे, कोठें तळांतून पाणी उकळल्याप्रमाणें वर येऊन पसरत आहे. वारा नव्हता, लाट नव्हती. ही सारी भरतीओहोटीची करणी. अंतर्समुद्राचें पाणी ह्या चिंचोळ्या वाटांतून आंतबाहेर करतें आणि सुमारें दर सहा तासांनीं दिशा पालटतें. जोराच्या वेळीं त्याची गति दहा नॉट, म्हणजे ताशीं अठरा किलोमीटरांहून अधिक होते. नावाड्यानें यंत्र मंद केलें मात्र, आमची होडी पाण्यावर पडलेल्या पानासारखी आडवी वाहूं लागली. सौभाग्यवतींनीं आमचा दंड धरला. आम्हीं त्यांस धीर दिला, असें येथें लिहितां आलें असतें. परंतु आम्हींही दुसऱ्या हातानें चिरंजिवांचा दंड धरला होता.

जवळच्या कुरुशिमा सामुद्रधुनींत आजही हीच स्थिति आहे. तेथें दोन वाटा असून, प्रवाहाबरोबर जाणाऱ्या जहाजानें मधल्या वाटेनें जावें आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्यानें पश्चिमेच्या वाटेनें जावें, असा नियम आहे. म्हणजे पाणी फिरलें कीं मोठमोठ्या पोलादी जहाजांनाही बाजू बदलावी लागते. मग वल्ह्यांच्या आणि शिडांच्या काळीं काय असेल! ज्याला ह्या पाण्याचें वेळापत्रक तोंडपाठ, त्याला तटाची गरज ती काय? कौटिल्यानें दुर्गांचे प्रकार सांगतांना पाण्यानें वेढलेल्या औदक दुर्गास पहिलें स्थान दिलें आहे. तें आम्हीं अनेकदां वाचलें होतें. पण त्या दुर्गांत पाणी हाच खरा तट असतो, हें आमच्या ध्यानांत येण्यास ही होडी लागली.

ह्या पाण्याचे धनी मुराकामी. ह्या घराण्याच्या तीन शाखा नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा ह्या तीन बेटांवर नांदत आणि अंतर्समुद्राचा हा गळा तिघांच्या मुठींत असे. जाणाऱ्या जहाजांकडून ते जकात घेत, मोबदल्यांत वाटाड्या देत आणि इतर लुटारूंपासून रक्षण करीत. जो जकात देत नसे त्याचें काय होई, तें निराळें सांगावयास नको. नोशिमाच्या मुराकामी ताकेयोशीच्या काळीं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ही सत्ता शिखरास पोहोंचली. १५७६ मध्यें ओदा नोबुनागानें ओसाका येथील होंगानजी मठास वेढा घातला असतां, मोरी घराण्याच्या बाजूनें लढणाऱ्या मुराकामींनीं दारूनें भरलेलीं मातीचीं भांडीं पेटवून फेंकलीं, नोबुनागाचें आरमार जाळलें आणि मठांत धान्य पोहोंचविलें. दोन वर्षांनीं नोबुनागानें प्रचंड जहाजें बांधवून त्याचा सूड उगविला, ती गोष्ट वेगळी.

केवळ दांडगाईचे हे लोक नव्हते. शेजारच्या ओमिशिमा बेटावर ओयामाझुमी देवतेचें पुरातन स्थान आहे. तेथें मुराकामी मंडळींनीं देवतेस अर्पण केलेल्या रेंगा म्हणजे साखळी-काव्याच्या वह्या अद्याप जतन केलेल्या आहेत. एकानें पहिलें चरण रचावें, दुसऱ्यानें त्यास जोड द्यावी, तिसऱ्यानें पुढें न्यावें. आपल्याकडील समस्यापूर्तीची आठवण व्हावी असा हा प्रकार. सकाळीं जकात आणि सायंकाळीं काव्य! आमच्या ओळखीच्या एका कारकुनाचाही हाच क्रम होता, पण त्याचें काव्य ह्यांच्याइतकें टिकलें नाहीं.

होडीनें मग आम्हांस नोशिमावर उतरविलें. उंचवटा तासून एकावर एक सपाट पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत वरची होन्मारु, म्हणजे मुख्य जागा. हें स्थळ १९५३ पासून सरकारी संरक्षणाखालीं आहे. उत्खननांत घरांचे अवशेष, रोजच्या वापराचीं मातीचीं भांडीं आणि चिनी चिनीमातीचे तुकडे मिळाले. म्हणजे येथें नुसती चौकी नव्हती, संसार होते. बेटावर गोडें पाणी नाहीं. तें समोरच्या ओशिमावरून होड्यांनीं आणीत, असें सांगतात. हें ऐकून सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्या बायका पाण्याकरितां रोज ह्या प्रवाहांतून वाट पाहत असतील." इतिहासाच्या शिक्षकास हें प्रथम सुचावयास हवें होतें.

खरें पाहण्यासारखें आहे तें मात्र वर नव्हे, खालीं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर. बेटाभोंवतीं खडकांत गोल भोंकें कोरलेलीं आहेत. एक नव्हे, दोन नव्हेत, शेंकडों. कांहीं ओंजळीएवढीं, कांहीं घागर बसेल अशीं. कांहीं उंचावर, कांहीं पाण्याच्या अगदीं काठाशीं. त्यांत लांकडी खांब रोंवून गलबतें बांधीत व धक्के उभारीत. पाण्याची पातळी सतत बदलते, म्हणून भोंकेंही निरनिराळ्या उंचीवर. लांकूड कुजून गेलें, माणसें गेलीं, खोगीर काढलेल्या घोड्याच्या पाठीवर वळ राहावे तशीं हीं भोंकें राहिलीं. आम्हीं वांकून एकांत हात घातला. खालीं वाळू, थोडें कोंबट पाणी आणि एक लहानसा खेंकडा होता.

तेथें बसलों असतां आम्हांस सकाळीं पाहिलेल्या निशाणाची आठवण झाली. मियाकुबोच्या किनाऱ्यावर मुराकामींचें एक संग्रहालय आहे. तें २००४ सालीं उघडलें तेव्हां त्याच्या नांवांत 'सुइगुन' म्हणजे जलसेना असा शब्द होता. २०२० मध्यें तो काढून 'कायझोकू' म्हणजे समुद्री चांचे हा शब्द घातला. आपल्याच पूर्वजांस चांचे म्हणवून घेण्याचें हें धैर्य पाहून आम्ही चकित झालों. जुन्या काळीं त्या भाषेंत हा शब्द केवळ लुटारूंस नव्हे, तर समुद्रावरील सरदारांसही लावीत, असें चिरंजिवांनीं समजाविलें. मुराकामी ज्या जहाजास अभय देत त्यास एक निशाण मिळे. त्यावर त्यांच्या नांवांतील 'वर' ह्या अर्थाचें अक्षर ठळक लिहिलेलें असे. १५८१ सालचीं ताकेयोशीचीं अशीं निशाणें आजही शिल्लक आहेत. तें निशाण लावलेल्या जहाजास कोणी हात लावीत नसे.

आतां गोव्याचा संबंध पाहा. लुईश फ्रॉइश नांवाचा एक पोर्तुगीज पाद्री १५४८ मध्यें गोव्यास आला, तेथील सेंट पॉल विद्यालयांत शिकला आणि १५६३ मध्यें जपानांत गेला. १५८६ च्या सुमारास तो आणि त्याचे सोबती ह्याच पाण्यांतून जात असतां त्यांनींही नोशिमाच्या धन्याकडून असें निशाण मागून घेतलें. आणि त्या धन्याविषयीं लिहितांना, जपानांतील सर्वांत मोठा चांचा, असें लिहून ठेविलें. ह्याच फ्रॉइशचे देशबांधव त्या काळीं आपल्या किनाऱ्यावर काय करीत होते? हिंदी जहाजांनीं पोर्तुगिजांचा 'कार्ताझ' नांवाचा परवाना विकत घ्यावा. न घेतल्यास जहाज जप्त. तोच व्यवहार, तेंच निशाण. फक्त नांव ठेवणाराची लेखणी वेगळी. कान्होजी आंगरे ह्यांच्या दस्तकांविषयीं इंग्रजांनीं तेंच केलें. हें सर्व आम्हीं वर्गांत किती आवेशानें शिकविलें होतें!

परंतु त्या खडकावर आम्हांस आवेश आला नाहीं. कारण एक जुनी गोष्ट आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वीं असेंच आंगऱ्यांच्या दस्तकांवर व्याख्यान चाललें होतें. शेवटच्या बांकावर एका खारव्याचा मुलगा बसत असे. अभ्यासांत बेताचा, पण पावसाळ्यानंतर समुद्र केव्हां उघडेल हें आम्हांस अचूक सांगणारा. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, ज्या गरीब नाखव्याकडे दस्तकाला पैसे नसतील आणि त्याचें गलबत धरलें, तर तो आंगऱ्यांना काय म्हणत असेल?" वर्गांत कोणी हंसलें. आम्हीं त्यास "विषय सोडून बोलूं नकोस" असें दरडावून खालीं बसविलें. पुन्हा त्यानें वर्गांत तोंड उघडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

तो विषय सोडून बोलत नव्हता. कौटिल्याचा नावाध्यक्ष बंदरावर शुल्क घेतो आणि 'हिंस्रिका' नौकांचा नाशही करतो. पण हिंस्रिका कोणती, हें ठरविणारा कोण? तोच नावाध्यक्ष. सहाध्यायांस आम्हीं हा भाग अनेकदां समजावून दिला असेल. ह्या प्रश्नाकडे मात्र आमचें लक्ष गेलें नव्हतें. तें गेलें होतें एका खारव्याच्या पोराचें. आंगऱ्यांविषयींचा आमचा आदर तसूभरही कमी झालेला नाहीं, हें स्पष्ट सांगतों. त्यांच्यावांचून तो किनारा कोणाच्या घशांत गेला असता, हें सर्वश्रुत आहे. पण मुलाच्या प्रश्नास उत्तर देणें हें आमचें काम होतें आणि तें आम्हीं केलें नाहीं.

मुराकामींचा शेवट करणारा हुकूमही असाच होता. १५८८ मध्यें तोयोतोमी हिदेयोशीनें साऱ्या देशांत समुद्री चांचेगिरी बंद असें फर्मान काढलें. एका ओळीनें जकात ही लूट ठरली. नोशिमाच्या घराण्यास आपलें पाणी सोडावें लागलें. ताकेयोशी १६०४ मध्यें मोरींच्या आश्रयास दुसऱ्या एका बेटावर वारला. कुरुशिमाची शाखा आधींच हिदेयोशीच्या पक्षास मिळाली होती, म्हणून तिची जहागीर टिकली. पण १६०१ मध्यें तिला क्यूशूच्या डोंगरांत जमीन नेमून दिली. तेथें समुद्र नाहीं. पिढ्यान्पिढ्या भरती मोजणाऱ्या घराण्यानें भाताच्या खाचरांत काय मोजलें असेल, देव जाणे.

नावाड्यानें हांक मारली. पाणी फिरलें होतें. आम्ही उठलों तेव्हां खालच्या ओळींतील भोंकें बुडूं लागलीं होतीं आणि आमचा खेंकडा कोठें दिसेना. परत मियाकुबोस येऊन संग्रहालयाच्या दुकानांत त्या निशाणाचें चित्र असलेलें एक पत्र विकत घेतलें. सौभाग्यवतींनीं विचारलें, "कोणाला पाठवितां?" आम्हीं त्या मुलाचें नांव सांगितलें. तो आतां चाळिशीच्या घरांत असेल. त्याचा स्वतःचा ट्रॉलर आहे, असें कोणी तरी म्हणालें होतें. पत्ता आमच्याजवळ नव्हता. गांवीं परतल्यावर बंदरावर चौकशी केली. तो समुद्रावर गेला होता. पत्र अद्याप आमच्या टेबलावर आहे. नारळी पौर्णिमेच्या आधीं, गलबतें वर ओढलेलीं असतांना, स्वतः जाऊन द्यावें असें ठरविलें आहे.