गच्चीवरचे पाणी

भविष्यनिर्वाह निधीला भगदाड पाडून मी दक्षिण ध्रुवाकडे निघालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम चौकशी केली स्वेटरांची आणि मग लाडवांची! अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत लाडू राहिले डब्यात आणि मी अंथरुणात.

पुढे डेकवर येऊन पाहतो तो, टेबलासारख्या सपाट माथ्याचे हिमनग संथपणे चाललेले! "समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या फळीचे हे तुकडे," जहाजावरच्या भूशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे लार्सन-बी नावाची फळी होती."

होती! मराठीचा मास्तर मी. क्रियापदाचा काळ चटकन टोचतो.

१८९३ साली कार्ल लार्सन हा नॉर्वेजियन कप्तान 'जेसन' जहाजातून या किनाऱ्याने गेला. त्याचेच हे नाव. फळी सुमारे २२० मीटर जाड, हजारो वर्षे टिकलेली. २००२ च्या उन्हाळ्यात, जानेवारीअखेरपासून अवघ्या ३५ दिवसांत, तिच्या ३,२५० चौरस किलोमीटर भागाचा चुरा झाला. उपनगरांसह साऱ्या मुंबईच्या पाचपट!

हे केले कोणी? बर्फावर साचलेल्या निळ्याशार तळ्यांनी. पाणी बर्फाहून जड. ते भेगेत भरले की पाचरीसारखे तिला तळापर्यंत चिरत नेते. एक तळे रिकामे झाले की भार हलका होऊन फळी वर उचलते, वाकते आणि शेजारी नव्या भेगा पडतात. अशी दोन हजारांहून अधिक तळी तिथे होती.

मला गिरगावची आमची चाळ आठवली. पावसाळ्यात आई खराटा घेऊन गच्चीवर जाई. "साचलेलं पाणी घर खातं," म्हणे. आम्ही हसायचो. एका श्रावणात शेजारच्या खोलीचे छप्पर खाली आले आणि आमचे हसणे थांबले.

तरंगती फळी फुटल्याने समुद्र फारसा चढत नाही. पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून सरबत सांडत नाही, तसेच. पण ही फळी म्हणजे दाराचा अडसर होता. तो निघाला आणि मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगाने समुद्रात उतरू लागल्या. जमिनीवरचे हे बर्फ मात्र समुद्र चढवते. आणि समुद्र एकच. गिरगाव चौपाटीला लागतो तोही तोच.

घरी परतल्यावर पहिल्याच पावसात मी खराटा घेऊन गच्चीवर गेलो. पाणी लोटताना राहून राहून वाटत होते, त्या तिकडच्या गच्चीवर खराटा कुणी मारायचा?