मागातून निघालेली मोटार आणि तोरणमाळचा घाट

वाचकहो, नंदुरबार जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे असे पाहुण्यांनी विचारले की आपण चटकन तोरणमाळचे नाव घेतो. आज मीही तुम्हांला तोरणमाळलाच घेऊन जाणार आहे. मात्र डोंगर आणि तळे पाहता पाहता ज्या गाडीत आपण बसणार आहोत तिच्याकडेही जरा लक्ष द्यायचे आहे. कारण ती गाडी कापूस पिकवणाऱ्या मुलखातून आलेली आहे, आणि तिची हकीकत आपल्यासारख्या कापूसवाल्यांनी ऐकून ठेवावी अशी आहे.

नंदुरबारहून निघू या. हिवाळ्याचे दिवस असतील तर गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या दिसतील. नजर पोचेल तिथपर्यंत लाल जमीन, आणि वाऱ्याबरोबर नाकाला झोंबणारा खाट. पथारीच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या पाहा. ट्रक आहेत, ट्रॅक्टर आहेत, आणि त्यांच्यामध्ये एखादी चौकोनी, डब्यासारखी, बाजूला सरकणाऱ्या दाराची मारुती व्हॅन हमखास आहे. तिचे कारखान्यातले नाव ओम्नी. १९८४ साली ती बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरी जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. नवरा-नवरी, शाळेतली पोरे, दुधाच्या किटल्या, भाजीच्या जाळ्या आणि अडलेली बाळंतीण, या सगळ्यांना तिने वाहून नेले आहे. तिची जागा आता तिचीच धाकटी बहीण ईको हिने घेतली आहे.

मारुती हे नाव आपल्या घरचे. गावाच्या वेशीवर मारुती नाही असे खेडे सापडणे कठीण. पण गाडीच्या नावाचा दुसरा भाग, सुझुकी, हा कुठला? त्यासाठी प्रकाशाच्या पुलावर थोडे थांबू.

प्रकाशाला तापी आणि गोमाई यांचा संगम आहे. केदारेश्वराचे देऊळ आहे, आणि या क्षेत्राला लोक दक्षिण काशी म्हणतात. तापीकाठची ही काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवत आली. तापी खोऱ्याची रेल्वे नंदुरबारवरून गेली आणि खानदेशी कापसाला बाहेरच्या बाजाराची वाट आणखी सोपी झाली. मुंबईच्या कापूस बाजारात खानदेशच्या मालाला स्वतःचे नाव होते. त्याच मुंबई बंदरातून १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने कोबे बंदरापर्यंत आगबोटी सुरू केल्या. जमशेदजी टाटांनी त्यांना साथ दिली. या बोटींचा मुख्य माल होता हिंदुस्थानचा कापूस. आखूड धाग्याचा आपला कापूस जपानच्या गिरण्यांनी पुढे कित्येक वर्षे कातला.

जपानमध्ये टोकियो आणि ओसाका या दोन शहरांच्या दरम्यान हामामात्सू नावाचे गाव आहे. त्याच्याजवळून तेनर्यू नदी समुद्राला मिळते. या नदीकाठच्या मुलखात पूर्वी कापूस पिकत असे आणि घरोघरी विणकाम चाले. बाहेरचा स्वस्त कापूस येऊ लागला तशी तिथली कापसाची शेती मोडत गेली, पण विणकाम टिकले, आणि विणकामाबरोबर माग बनवणारे सुतारही टिकले. त्याच भागातल्या एका सुताराचा मुलगा साकिची तोयोदा याने स्वयंचलित माग तयार केला. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला एक लाख पौंडांना देण्यात आले, आणि १९३७ साली त्याच्या घराण्याने टोयोटा ही मोटार कंपनी उभी केली.

मिचिओ सुझुकी हाही तिथलाच, १८८७ साली जन्मलेला, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी तो सुताराच्या हाताखाली काम शिकला. त्याने पहिला माग आपल्या आईसाठी बनवला असे सांगतात. १९०९ साली त्याने माग बनवण्याचा कारखाना काढला. १९३७ च्या सुमाराला त्याने मोटारीचा पहिला नमुना करून पाहिला, पण युद्ध आले आणि ते काम राहून गेले. युद्धानंतर १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला. माग कोण घेणार? बाजार कोसळतो म्हणजे काय होते हे तुम्हांला मी सांगायला नको. भाव पडलेल्या वर्षी गाठी घरात ठेवून बसलेली माणसे आपल्याकडे आहेतच.

सुझुकी मंडळी हातावर हात ठेवून बसली नाहीत. १९५२ साली त्यांनी सायकलला बसवायचे ३६ सीसीचे छोटे इंजिन काढले. मिचिओचा जावई शुन्झो सायकलवरून मासे धरायला जाई, समोरच्या वाऱ्याने दमून जाई, आणि त्यातून ही कल्पना निघाली असे म्हणतात. १९५५ साली ३६० सीसीची सुझुलाइट ही छोटी मोटार आली. जपानी सरकारने लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिलेली होती. १९६१ साली कॅरी नावाची छोटी मालगाडी आली. भातखाचरांच्या अरुंद बांधाकडेने जाणारी, भाताची पोती, फवारणीचा पंप आणि म्हातारा-म्हातारी यांना घेऊन जाणारी ही छोटी गाडी जपानी शेतकऱ्याच्या घरचीच झाली. आपली ओम्नी त्याच घराण्यातली.

आता शहादा मागे टाकून म्हसावदच्या बाजूने निघू. दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. समोर सातपुडा निळा दिसतो आहे. डोंगर जवळ येईपर्यंत ही गाडी आपल्या देशात कशी आली ते सांगतो.

१९८१ साली सरकारने मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली आणि परदेशात जोडीदार शोधायला माणसे पाठवली. त्या काळी भारतात मोटार म्हणजे अॅम्बॅसडर नाही तर फियाट. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. जगातल्या बड्या कंपन्या इथे पैसा घालायला राजी नव्हत्या. सुझुकी ही जपानातली लहान कंपनी. तिचा प्रमुख ओसामू सुझुकी. हा मूळचा गिफू प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. जावई म्हणून सुझुकींच्या घरात आला आणि त्याने त्यांचेच आडनाव घेतले. त्याने १९८२ साली करार केला आणि २६ टक्के भांडवल घातले. मारुती ८०० नोंदवायला एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, आणि ताकद चाळीस घोड्यांच्या आतली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. ओसामू सुझुकी २०२४ च्या डिसेंबरात वारले, आणि पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

एवढे या गाडीत होते तरी काय? त्यांच्या कारखान्यात पाच शब्दांचा एक नियम आहे: लहान, कमी, हलके, आखूड, सुबक. यंत्र लहान असावे, भाग कमी असावेत, वजन हलके असावे, कामाची वाट आखूड असावी आणि केलेले काम सुबक असावे. आपल्या घरातली शहाणी बाई संसार असाच करते. गाडी हलकी म्हणून इंधन थोडे लागले. भाग कमी म्हणून तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकला. सामान जवळच्या दुकानात मिळू लागले. खेड्यातल्या माणसाला गाडीचे आकर्षण वाटले ते तिच्या तोऱ्यामुळे नव्हे. ती बंद पडली तर आपल्याला रानात सोडून देणार नाही हा भरवसा त्यामागे होता.

राणीपूर आले. इथून घाट लागतो. सागाची झाडे, बांबूची बेटे, आणि वळणामागून वळण. सात पायरीचा घाट म्हणतात तो हाच. पावसाळ्यात दरडी आणि धुके, उन्हाळ्यात रस्त्यावर बारीक खडी. आता गाडीची खरी परीक्षा आहे, आणि चालवणाऱ्याचीही.

बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, हे तुम्ही जाणता. मोटारीचेही तसेच आहे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाडीत मागे माणसे कोंबली की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि खडीवर नुसती फिरतात. म्हणून डोंगरासाठी सुझुकीने १९७० साली चारही चाकांना जोर देणारी जिम्नी काढली. तिच्याच घराण्यातली जिप्सी १९८५ पासून भारतात बनू लागली. लष्कराने आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरली.

उतारावर एक नियम पाळा. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते, आणि सतत दाबून तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

वर पोचलो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलावाचे पाणी, सीताखाईची खोल दरी, गोरक्षनाथाचे देऊळ. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत, आणि होळीआधी धडगावकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा, डोंगरातल्या गाड्यांकडे पाहिले की छाती धडधडते. आत माणसे, टपावर माणसे, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसे. पाच माणसांसाठी बनवलेली गाडी पंधरा माणसांनी भरली तर ती गाडी राहत नाही. अशी वाहने दरीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तशाच गाडीत चढतो. बायाबापड्यांनो, चालकाने कितीही हाका मारल्या तरी भरलेल्या गाडीत लेकरांना घेऊन चढू नका. दुसरी गाडी उशिरा येईल, पण येईल.

आणि तरीही गाडी हवीच, हेही खरे. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून, खांद्यावरून सडकेपर्यंत आणावे लागते. सडकेवर गाडी उभी असेल तर जीव वाचतो. १०८ ची रुग्णवाहिका तर बोलवाच, पण ती पोचेपर्यंत शेजाऱ्याची व्हॅन कामी येते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने तिचे इंधन रात्री संपू देऊ नये, एवढा धर्म पाळावा.

आता घरच्या हिशेबाचे. मिरचीचे किंवा पपईचे एक साल चांगले गेले की पोरे गाडीचा हट्ट धरतात. हट्ट वाईट नाही, पण पाटी-पेन्सिल घेऊन बसा. समजा कर्जाचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती मिळून वर्षाला १,२०,००० रुपये लागतात, आणि तुमची गाडी वर्षात ६,००० किलोमीटर धावते. म्हणजे इंधन सोडूनच किलोमीटरला २० रुपये पडले. त्यावर इंधन धरा. एवढ्यात भाड्याची गाडी मिळत असेल, तर आधी ठिबक करा, विहिरीचे काम उरका, गाडी मागाहून घ्या. बाजाराला माल नेऊन आणि भाडे वाचवून ती आपला खर्च भागवणार असेल, तर जरूर घ्या. प्रवासी भाड्याने न्यायचे असतील तर तसा परवाना काढा. घरगुती गाडीत भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणे अवघड होते, आणि जमीन गहाण पडायची वेळ येते.

जुनी गाडी घेणार असाल तर सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेता तशी घ्या. तिथे आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडीचाही खालचा पत्रा गंजला आहे का ते वाकून पाहा. सकाळी थंड असताना सुरू करून पाहा. धूर निळा येत असेल तर ती तेल जाळते आहे असे समजा. कागदावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळवा. रंग पाहून भुलू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. एके काळी मुंबईहून आपल्या देशाचा कापूस बोटीत बसून जपानला गेला. २०२४ साली गुजरातच्या पिपावाव बंदरातून भारतात बनलेल्या फ्रॉन्क्स गाड्या जपानला विक्रीसाठी गेल्या, आणि २०२५ साली भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जपानी लोकांनी इतकी मागितली की काही दिवसांतच नोंदणी थांबवावी लागली. गुजरातेतच शेणापासून गाडीचे इंधन बनवण्याच्या कामात सुझुकीने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि बनास डेअरी यांच्याबरोबर हात घातला आहे. आपले नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. हे सगळे आपल्या दारापासून फार लांब नाही.

कापूस विकणाऱ्या मुलखातली माणसे मागाचे सुटे भाग घडवता घडवता मोटार घडवू लागली. आपल्या शहाद्या-तळोद्याची पोरेही ट्रॅक्टर, पंप आणि जुनी व्हॅन खोलून पुन्हा जोडतात. घरातल्या एखाद्या मुलाला यंत्राची आवड असेल तर त्याला आयटीआयला घाला, त्याच्या हाताला चांगली हत्यारे द्या. दारात गाडी उभी राहण्याआधी घरात ती दुरुस्त करणारा उभा राहिला, तर गाडीचा खर्च अर्धा झालाच म्हणून समजा.